बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करताय? हृदयविकार टाळणाऱ्या औषधांविषयी हे माहीत हवं

'बीपी नॉर्मल आला, आता गोळी कशाला?' गावागावांत हे वाक्य ऐकू येतं. महिनाभर गोळी घेतली, उपकेंद्रात तपासलं, आकडा बरोबर आला की गोळीचं पाकीट फळीवर जातं. पुढच्या तपासणीत बीपी पुन्हा वाढलेला असतो. आकडा नॉर्मल येतो तो गोळी चालू असते म्हणून. बांध घातल्यामुळे शेतातली माती वाहून जात नाही, म्हणून बांध काढून टाकायचा असं कोणी म्हणत नाही. या गोळ्यांचंही तसंच आहे.

वाढलेला बीपी, साखर आणि रक्तातली चरबी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. पण आतल्या आत रक्तवाहिन्या खराब होत राहतात. हार्ट अटॅक किंवा लकवा आल्यावरच अनेकांना कळतं. म्हणून ही औषधं त्रास होतो म्हणून नव्हे, तर पुढचा धोका टळावा म्हणून घ्यायची असतात.

बीपीच्या गोळ्या

वेगवेगळ्या दिवशी तपासूनही बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टर सहसा गोळी सुरू करतात. सरकारी दवाखान्यात अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या गोळ्या नेहमी दिसतात. अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यावर सूज येते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. असं झालं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावं, ते गोळी बदलून देतात.

लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्याही असतात. त्या सहसा सकाळी घेतात. उन्हाळ्यात दिवसभर रानात काम असेल किंवा जुलाब-उलट्या लागल्या तर या गोळ्यांनी अशक्तपणा, चक्कर येऊ शकते. अशा वेळी लगेच डॉक्टरांना विचारावं.

अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या तर अचानक कधीच बंद करू नयेत. एकदम थांबवल्यास छातीत दुखणं, अटॅक येणं असा धोका असतो.

गरोदर असलेल्या किंवा मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या महिलांनी ते आधीच सांगावं. टेल्मिसार्टन, एनालाप्रिलसारख्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या बदलाव्या लागतात.

चरबीची गोळी

रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. अॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही त्यातली नेहमीची नावं. ज्यांना अटॅक येऊन गेला आहे, स्टेंट टाकला आहे किंवा चाळिशीनंतर शुगर आहे, अशांना कोलेस्टेरॉलचा आकडा फार मोठा नसला तरी डॉक्टर ही गोळी देतात. त्यामुळे 'रिपोर्ट चांगला आला, आता नको' असं परस्पर ठरवू नये. अंग फार दुखू लागलं किंवा लघवी काळपट-लाल झाली तर मात्र ताबडतोब दाखवावं. लसूण, मेथीचं पाणी खायला-प्यायला हरकत नाही, पण ते या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी: सगळ्यांसाठी नाही

अॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी रक्ताची गुठळी होऊ देत नाही. अटॅक येऊन गेलेल्यांना, स्टेंट असलेल्यांना ती लागतेच. पण हृदयाचा काहीच आजार नसलेल्या माणसाने 'पन्नाशी झाली, घेऊन ठेवू' म्हणून ती स्वतःहून सुरू करू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या अभ्यासांत दिसलं, की अशा लोकांना तिचा फायदा नाही किंवा अगदी थोडा होतो आणि रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो. काळं शौच होणं, रक्ताची उलटी होणं ही पोटात रक्तस्राव होत असल्याची लक्षणं आहेत.

स्टेंट टाकल्यावर अॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी देतात. ती न विचारता थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. दात काढायचा असो की छोटं ऑपरेशन, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायला हवं.

जिभेखालची गोळी आणि अंगदुखीची गोळी

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट अटॅक टाळण्याची गोळी नव्हे. ती छातीतली कळ तात्पुरती कमी करते आणि बीपी खाली आणते. मोबाईलवर फिरणारा मेसेज वाचून शेजाऱ्याची गोळी कोणाच्याही जिभेखाली ठेवली तर बीपी एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली आहे, त्यानेच ती वापरावी.

कापणी, ऊसतोडीच्या दिवसांत अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. त्या वरचेवर घेतल्या तर बीपी वाढतो, किडनीवर आणि हृदयावर ताण येतो. बीपीच्या रुग्णांनी त्या परस्पर घेऊ नयेत.

गोळ्या कुठे मिळतात, कशा घ्यायच्या

- ३० वर्षांवरील सर्वांची बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.
- बाहेरून घ्यायच्या तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाच्या गोळ्या स्वस्त मिळतात. कंपनीचं नाव वेगळं असलं तरी पाकिटावरचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीप्रमाणे आहे का, ते पाहावं.
- गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.
- तपासणीच्या दिवशी बीपीची गोळी घेऊनच जावं, म्हणजे गोळी किती काम करते ते डॉक्टरांना कळतं.
- ऊसतोडीला किंवा वारीला निघण्याआधी पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्याव्यात. मोबाईलमध्ये चिठ्ठीचा फोटो ठेवावा.
- शुगरच्या रुग्णांनी उपवास धरण्याआधी गोळी-इन्सुलिनचं काय करायचं ते विचारून घ्यावं. रिकाम्या पोटी साखर एकदम कमी होऊ शकते.

गोळी चालू आहे म्हणून तंबाखू, मशेरी, विडी चालते असं नाही. लोणचं, पापड, ठेच्यातलं मीठही आवरावं लागतं. मीठ कमी केलं, वजन उतरलं, रोज चालणं झालं तर डॉक्टर कधी कधी गोळी कमीही करतात. पण तो निर्णय तपासणी करून त्यांनीच घ्यायचा असतो.

या खुणा दिसल्या तर थांबू नये

छातीवर दाब आल्यासारखं वाटणं, कळ हातात, पाठीत किंवा जबड्यात जाणं, थंड घाम सुटणं, धाप लागणं याला 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पिऊन वेळ घालवू नये. बायकांना आणि शुगरच्या रुग्णांना छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो, नुसती धाप किंवा खूप थकवा जाणवतो. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही लकव्याची लक्षणं. लगेच १०८ ला फोन करावा आणि रुग्णासोबत चालू गोळ्यांची पाकिटंही दवाखान्यात न्यावीत.