नाणेघाट ते इनबॉक्स : वाचता न येणाऱ्या मजकुराचा इतिहास

१/
मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची पायवाट चढू लागते. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो पाहिला, तेव्हा त्याचा अर्थ सांगू शकेल असा कोणीही हयात नव्हता.

२/
दगडावरील अक्षरे बरीचशी टिकून होती. हरवली होती ती अक्षर आणि उच्चार यांना जोडणारी किल्ली. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीची किल्ली शोधली. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटच्या याच लेखातील अंकांचा अभ्यास मांडला.

३/
आज त्याच घाटाखाली, मुरबाड वा शहापूरच्या एखाद्या कचेरीत मराठी ईमेल उघडावा आणि पडद्यावर अगम्य चिन्हांचा खच दिसावा, हा प्रसंग त्याच जातकुळीचा आहे. बहुतेक वेळा मजकूर नष्ट झालेला नसतो. किल्ली चुकलेली असते. ती का चुकते, याचा इतिहास जेमतेम साठ वर्षांचा आहे.

४/
संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘आस्की’ संकेतात १२८ जागा होत्या. रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या आज्ञा यांनीच त्या भरल्या. १९८२ साली ईमेल पाठवण्याचे जे नियम निश्चित झाले, तेही याच मर्यादेत. देवनागरीला तेथे स्थान नव्हते.

५/
भारताने आपले उत्तर शोधले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. १९९१ साली ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक म्हणून मान्य झाला. त्यातील २५६ जागांपैकी पहिला अर्धा भाग रोमनचा, दुसरा भारतीय लिप्यांचा. या लिप्यांचे मूळ ब्राह्मीत असल्याने एकच मांडणी अनेकींना पुरली.

६/
छपाईच्या व्यवसायाने मात्र दुसरी वाट धरली. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांच्या जुन्या पद्धतीत संगणकात साठवले जाई ते रोमन संकेतचिन्हच. फॉन्ट त्याच्या जागी देवनागरी आकार काढी. प्रत्येकाची जुळणी निराळी. कागदावर हे सुबक दिसे. परंतु १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाले आणि पुढे मजकूर ईमेलने जाऊ लागला, तेव्हा फॉन्ट पाठवणाऱ्याकडेच राहिला. घेणाऱ्याला दिसली ती निरर्थक रोमन अक्षरे.

७/
सर्वांना समान किल्ली देणारा ‘युनिकोड’ १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. १९९२ मध्ये ‘माइम’ नियम आले. त्यांमुळे ईमेलच्या शीर्षभागात ‘हा मजकूर अमुक संकेतात आहे’ अशी चिठ्ठी जोडता येऊ लागली. त्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ‘यूटीएफ-८’ ही पद्धत रचली. आज मराठी ईमेल प्रामुख्याने तिच्यातून जातो.

८/
यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘शहापूर’ शब्दात काना आणि ऊकार धरून सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. ‘मुरबाड’चेही तितकेच. चिठ्ठी गळाली वा चुकली आणि संगणकाने हा मजकूर पश्चिम युरोपीय संकेतात वाचला, तर प्रत्येक बाइटचे स्वतंत्र चिन्ह होते. प्रत्येक त्रिकुटाच्या आरंभी तिरकी रेघ डोक्यावर असलेला रोमन ‘ए’ येतो आणि त्यामागे चलनाचे किंवा येनचे चिन्ह. ही खूण ओळखता आली की निदान झालेच.

९/
येथे एक मेख आहे. विंडोजच्या पश्चिम युरोपीय संकेतात पाच जागा रिकाम्या आहेत. ‘मुरबाड’मधील उकाराचा शेवटचा बाइट नेमका अशाच एका जागी पडतो, जोडाक्षरे बांधणाऱ्या हलन्ताचाही तसाच. म्हणून बिघडलेला मजकूर त्याच अवस्थेत पुन्हा साठवला, तर काही प्रणालींत ‘शहापूर’ पूर्ण परत मिळते, ‘मुरबाड’चा उकार मात्र कायमचा जातो.

१०/
लक्षणांवरून उपाय ठरतो.
▪ रिकाम्या चौकटी : संकेत बरोबर आहे, फॉन्ट नाही. फॉन्ट बसवावा.
▪ वर सांगितलेली त्रिकुटे : वाचनाचा संकेत बदलून यूटीएफ-८ निवडावा.
▪ बरोबरीची चिन्हे आणि त्यांमागे दोन-दोन अंक वा अक्षरे : माइमचे वेष्टन उलगडलेले नाही.
▪ निरर्थक रोमन अक्षरे : जुना फॉन्ट ओळखून परिवर्तकाने युनिकोड करावे.
▪ ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या : मूळ क्रमांकच पुसले गेले. पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावे.
आणि सर्वांत आधी, मूळ ईमेल जसाच्या तसा जपून ठेवावा.

११/
प्रश्न एका ईमेलपुरता नाही. आजोबांचा मोडी कागद नातवाला वाचता येत नाही, पण मोडी जाणणारे अभ्यासक आजही आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या फॉन्टांत लिहिलेले ठराव, अर्ज, दाखले आणि घरगुती पत्रे यांची स्थिती अधिक नाजूक आहे. फॉन्टाचे नावही कोणाच्या लक्षात राहिले नाही, तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा मजकूर दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखाहून दुर्बोध ठरेल.

१२/
२०१० साली ब्राह्मीला आणि २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. नाणेघाटचा लेख आता ईमेलनेही धाडता येतो. घेणाऱ्याकडे ब्राह्मीचा फॉन्ट नसेल, तर त्याला नुसत्या चौकटी दिसतील. परंतु या वेळी प्रिन्सेपची वाट पाहावी लागणार नाही; किल्ली कोठे ठेवली आहे, ते लिहून ठेवलेले आहे.