थिजलेल्या स्नायूंना विजेची हाक

कुंडलिकेच्या एका काठी रोहे, दुसऱ्या काठी अष्टमी. नगरपालिका दोघांची मिळून एकच. मधला पूल पायी ओलांडणे ही धडधाकट माणसाला काही मोठी गोष्ट नव्हे. पण वाचकहो, मुंबईच्या इस्पितळात तीन आठवडे व्हेंटिलेटरवर काढून आलेल्या माणसाला विचारा! न्यूमोनिया गेला, ताप गेला, आणि पाय मात्र उचलत नाहीत. ‘जीव वाचला, पण अंगातले त्राण गेले,’ असे घरची मंडळी म्हणतात, ते खोटे नव्हे. लंडनच्या डॉक्टरांनी २०१३ साली मोजून दाखवले, की अशा अत्यवस्थ रोग्याच्या मांडीचा पुढचा स्नायू दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी रोडावतो.

मग हा निजलेला स्नायू विजेने हलवला तर? कल्पना जुनीच आहे. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाची तंगडी उडवली, त्यावरचा त्याचा प्रबंध १७९१ चा. पॅरिसच्या ड्यूशेनने कातडीवरून प्रवाह सोडून एकेक स्नायू वेगळा आखडून दाखवला आणि १८५५ साली त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

पुढे आला पोलिओ. १९५२ साली कोपनहेगनमध्ये साथ एवढी भडकली, की सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने रबरी पिशवी दाबून रोग्यांना श्वास देत राहिले. आजचे अतिदक्षता विभाग त्यातूनच उभे राहिले. आपल्याकडे १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघाली.

आता यातली गोम पाहा. मज्जातंतू जिवंत असेल तर विजेचे अगदी क्षणिक झटकेही त्याच्यामार्फत स्नायूला हलवतात. तो मेला असेल तर झटका लांबवून थेट स्नायूलाच द्यावा लागतो. आणि मेलेला तंतू काही विजेने जिवंत होत नाही. पोलिओने हे शिकवले. कॅनडातल्या बोल्टनने १९८४ साली दाखवले, की गंभीर आजारात पोलिओवाचूनही मज्जातंतू बिघडतात. म्हणजे जुनीच अडचण नव्या रोग्यांत!

अथेन्सच्या डॉक्टरांनी २००९ साली रोज जवळजवळ तासभर पायांना असे झटके दिले. स्नायू कमी झिजले. आशा वाढली. पण २०१८ साली फ्रान्समध्ये तीनशेहून अधिक रोग्यांवर, खाटेवरच्या सायकलीच्या जोडीने, हा उपाय करून पाहिला, तेव्हा विभागातून बाहेर पडताना ताकदीत फरक आढळला नाही. स्नायूची जाडी टिकणे निराळे, माणूस उभा राहणे निराळे. माझ्या मते घोळ होतो तो इथेच. शिवाय अंगावर सूज असली, रक्तात जंतुदोष पसरला असला, की प्रवाह सोडूनही स्नायू नीट आखडत नाही. ज्याला गरज जास्त, त्यालाच गुण कमी!

तेव्हा आपल्या माणसाच्या मांडीवर अशा पट्ट्या दिसल्या तर घाबरू नका. हृदयात पेसमेकर असेल तर आधी सांगा. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका आखडतो का, हे फिजिओथेरपिस्टना विचारा. आणि दुसरे असे विचारा, की खाटेच्या कडेला पाय सोडून त्याला केव्हा बसवणार?