कोवळ्या धमन्या

हृदयविकार म्हणजे उतारवयातलं दुखणं, असंच आमच्याकडे धरून चालत. १९५३ साली कोरियन युद्धात पडलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. सरासरी वय बावीसच्या आसपास, आणि चारांतल्या तिघांच्या हृदयधमन्यांत विकाराची चिन्हं!

मग १९७३पासून लुइझियानातल्या बोगालुसा गावी डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी शाळकरी मुलंच तपासायला घेतली. त्यांतली काही पुढं तरुणपणीच दगावली. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जितकं जास्त, तितका त्यांच्या धमन्यांत चरबीचा थर अधिक.

आपल्याकडे १९३७ साली डालडा आला. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगलं घटवते. तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती थेट २०२२ साली. आमच्या मोहल्ल्यात मात्र गुबगुबीत पोराला अजून ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात, आणि वाढणाऱ्याला खुणावतात, आणखी वाढ.