खताचा खड्डा आणि विश्वासाचा शिक्का

दिवाळीचे सामान भरायला वाण्याकडे गेलेली गृहिणी डाळ दाताखाली धरून पाहते, पोह्यांचा वास घेते, गुळाचा खडा जिभेवर ठेवते. ही पारख तिला आईकडून मिळालेली असते. पण ती डाळ ज्या शेतात पिकली तेथे खत कोणते पडले, फवारणी कशाची झाली, हे तिच्या जिभेला कळावे तरी कसे? ‘सेंद्रिय’ हा शब्द पिशवीवर छापणे सोपे. त्याच्या पाठीशी कायद्याचे बळ उभे राहायला मात्र पाऊणशे वर्षे लागली. आणि गंमत अशी, की या कथेचा आरंभ आपल्या होळकरांच्या इंदुरात आहे.

आल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी नोकरीवर आले. शिकवायला आलेला हा साहेब येथे विद्यार्थी झाला. शेतकरी आणि पिकांवरील किडी हेच आपले गुरू, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १९२४ साली इंदूरला संशोधनसंस्था निघाली. तेथे पत्नी गॅब्रिएल आणि सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी खताची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. काडीकचरा, शेण, गोठ्यातील गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ठराविक दिवसांनी ढीग उलथायचा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने या विषयावरचे पुस्तक निघाले. पाहता पाहता ही पद्धत भारतातील चहाच्या आणि केनयातील कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोचली.

१९४० साली हॉवर्ड यांचा शेतीवरील प्रसिद्ध ग्रंथ आला. १९४६ साली इंग्लंडात ‘सॉइल असोसिएशन’ स्थापन झाली. अमेरिकेतही या विचाराची मासिके घरोघर जाऊ लागली. गिऱ्हाईक वाढले, शब्दाला भाव आला. आणि जेथे भाव तेथे भेसळ, हा बाजाराचा जुनाच नियम. सचोटीचा शेतकरी तीन वर्षे रसायनाला हात न लावता कमी पिकावर भागवी, आणि शेजारचा नुसती चिठ्ठी चिकटवून तोच दर घेई. यात गिऱ्हाईक फसे ते फसेच, पण मरण ओढवे ते खऱ्या शेतकऱ्यावर.

म्हणून कायदा हवा झाला. अमेरिकेत आधी एकेका राज्याने आपापले नियम केले. १९९० साली सबंध देशासाठी कायदा झाला. पण १९९७ च्या अखेरीस सरकारने जो मसुदा पुढे ठेवला, त्यात जनुके बदललेले बियाणे, अन्नावर किरणांचा मारा आणि शहरी सांडपाण्याचा गाळ यांना दार उघडे होते. त्यावर लोकांची पावणेतीन लाखांहून अधिक पत्रे गेली! सरकारला माघार घ्यावी लागली. ऑक्टोबर २००२ मध्ये नियम अमलात आले, ते या तिन्ही गोष्टींना मज्जाव करूनच. खाणाऱ्यांनी आपला शब्द स्वतः राखला, असे हे उदाहरण.

आपल्याकडे सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००० साली सुरू झाला. २०१७ साली देशातील विक्रीसाठीही नियम झाले आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह आले. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळताना पिकाप्रमाणे दोन-तीन वर्षे थांबावे लागते. शेतात काय टाकले, बियाणे कोठून आणले, याची वही ठेवावी लागते. हा जाच वाटेल. पण तीच वही शेतकऱ्याची साक्षीदार. एकट्या लहान शेतकऱ्याला तपासणीचा खर्च परवडत नाही, म्हणून गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. दुसऱ्या एका पद्धतीत तर गावातले शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात. बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्यापासून लपवणार काय?

तरीही शिक्का म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. भारतीय तपासणीला २००६ साली दिलेली मान्यता अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये काढून घेतली. मग तिकडे माल धाडणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्यालाही नव्याने परीक्षेला बसावे लागले. तपासणी ढिली पडली, की दंड असा सगळ्यांनाच भरावा लागतो. शिवाय हा शिक्का माल कसा पिकवला एवढेच सांगतो. तो औषध असल्याची हमी देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा यंदा सामान भरताना डाळ दाताखाली जरूर धरा, पण पिशवी उलटून तिच्यावरचे चिन्हही पाहा, आणि शंका आली तर दुकानदाराला विचारा. इंदूरच्या खड्ड्यात हॉवर्ड आणि वाड यांनी माती जिवंत कशी राखावी हे दाखवून दिले. त्या मातीत राबणाऱ्याला त्याच्या कष्टांचे मोल मिळवून देणे, हे काम आपल्या दारच्या या चार प्रश्नांवर अवलंबून आहे.