रेणू अडवायचा, पण कोणता?

आमवातावर आज दिल्या जाणाऱ्या जैविक इंजेक्शनांचा इतिहास बहुतेक वेळा तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९७५ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली, औषध कंपन्यांनी ती उचलली, आणि पंचवीसेक वर्षांत इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही नावे रुग्णालयांत रुळली. यात खोटे काहीच नाही, पण मधला दुवा गळतो. प्रतिपिंड म्हणजे एखादा रेणू अचूक पकडणारे साधन. कोणता रेणू पकडायचा, हे ते साधन सांगत नाही. माझे म्हणणे असे, की या औषधांचा खरा जन्म त्या प्रश्नाच्या उत्तरात झाला, आणि ते उत्तर मिळाले आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या ऊतीकडून.

त्याआधीचे उपचार कसे आले ते पाहिले, की यातला फरक कळतो. रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये सोन्याचा एक क्षार क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतो असे दाखवले होते. आमवाताचे क्षयाशी नाते असावे या समजुतीने फ्रान्समधल्या जाक फोरेस्तिए यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस रुग्णांना सोन्याची इंजेक्शने दिली. समजूत चुकीची निघाली, तरी औषधाने काहींना आराम पडला आणि ते पुढे अनेक दशके वापरात राहिले. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांना दिसले होते, की कावीळ झाली किंवा दिवस राहिले की आमवात काही काळ ओसरतो. त्या धाग्यावरून ते १९४८ मध्ये कॉर्टिसोनपर्यंत पोचले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, १९५० चे नोबेल मिळाले, आणि लवकरच ठिसूळ हाडे, सुजलेला चेहरा, वाढलेली साखर असे दुष्परिणामही समोर आले. मेथोट्रेक्सेट आले ते कर्करोगाच्या उपचारातून. हे तिन्ही उपचार मोलाचे; त्यांनी लाखो लोकांचे दुखणे हलके केले. पण त्यांतला एकही सांध्यात नेमके काय घडते ते पाहून निवडलेला नव्हता.

या औषधांनी पुढे जो रेणू अडवला, त्या टीएनएफचा शोधही सांधेदुखीच्या वाटेने लागलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने १९७५ मध्ये त्याला नाव दिले, तेव्हा तो गाठी मारणारा पदार्थ म्हणून आशेचा विषय होता. दहा वर्षांनी त्याच शहरात अँथनी सेरामी आणि ब्रूस ब्यूटलर यांनी दाखवले, की जंतूंच्या विषाने शरीर कोसळते त्यात याच रेणूचा हात आहे आणि त्याला प्रतिपिंडाने अडवले तर उंदीर वाचतात. मग अनेक कंपन्यांनी अशा कोसळण्यावर, म्हणजे सेप्सिसवर, नजर ठेवून टीएनएफ अडवणारी औषधे बनवायला घेतली. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या यान विल्चेक यांच्या प्रयोगशाळेतले उंदराचे प्रतिपिंड सेंटोकॉर कंपनीने अंशतः मानवी केले. तेच पुढचे इन्फ्लिक्सिमॅब. सेप्सिसमध्ये मात्र ही औषधे अपयशी ठरली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सेप्टिक शॉकच्या १४१ रुग्णांवर टीएनएफ अडवणाऱ्या इटानरसेप्ट या औषधाची परीक्षा झाली. मोठा डोस मिळालेल्यांत मृत्यू कमी न होता वाढले. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच औषधाला अमेरिकेत आमवातासाठी परवानगी मिळाली. साधन तेच, लक्ष्य तेच, फक्त रोग बदलला.

तो बदल सुचवला लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या केनेडी इन्स्टिट्यूटने. १९६० च्या दशकात देणगीतून उभी राहिलेली ही संस्था केवळ सांध्यांच्या आजारांसाठी होती, आणि चेरिंग क्रॉस रुग्णालय जवळच होते. तिथे दोघे एकत्र आले : मार्क फेल्डमन हे प्रतिकारशास्त्रज्ञ आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी हे रोज रुग्ण तपासणारे डॉक्टर. शस्त्रक्रियेत काढलेल्या सांध्यांच्या अस्तराच्या पेशी त्यांच्या गटाने प्रयोगशाळेत जिवंत ठेवल्या. त्या पेशी बाहेरून कोणतीही चिथावणी नसताना दिवसेंदिवस दाहाचे निरोपे रेणू, म्हणजे सायटोकाइन, सोडत राहिल्या. एक-दोन नव्हे, डझनभर. इथे तेव्हाचा सर्वांत सबळ आक्षेप उभा राहत होता : इतके रेणू एकमेकांचे काम करत असतील, तर एकाला अडवून काय साधणार? दुसरा त्याची जागा घेईल. फिओनुला ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे उत्तर छापले. त्या पेशींमध्ये टीएनएफविरुद्ध प्रतिपिंड टाकले, की इंटरल्युकिन-१ या दुसऱ्या प्रबळ रेणूची निर्मितीही घसरत होती. हे रेणू उतरंडीसारखे रचलेले होते आणि टीएनएफ खालच्या मडक्यांपैकी होता. तो काढला की वरचे टिकत नव्हते. पुढे उंदरांत हेच दिसले आणि १९९२ मध्ये चेरिंग क्रॉसला पहिल्या रुग्णांना औषध दिले गेले. १९९४ च्या दुहेरी अंध चाचणीत युरोपातल्या चार केंद्रांवरचे ७३ रुग्ण होते. चार आठवड्यांनी मोठा डोस घेतलेल्या २४ पैकी १९ जणांत ठरलेल्या निकषांइतकी सुधारणा होती. नुसते द्रावण मिळालेल्या २४ पैकी दोघांत. आमवाताच्या इतिहासात इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळाला असेल.

यावर कुणी म्हणेल, की तंत्र नसते तर ही कल्पना कागदावरच राहिली असती. हे मान्यच करावे लागेल, आणि त्या तंत्राच्या मर्यादांनीही हा इतिहास घडवला आहे. परके प्रतिपिंड टोचणे काही नवे नव्हते. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी रक्तद्रवाने विष निष्प्रभ करून दाखवले, आणि परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारी सर्पदंशाची लस महाराष्ट्राला परिचयाची आहे. पण घोड्याचे प्रथिन एकदा, जीव वाचवण्यासाठी घेणे वेगळे आणि उंदराचा अंश असलेले प्रथिन वर्षानुवर्षे घेणे वेगळे. इन्फ्लिक्सिमॅब पुन्हा पुन्हा दिल्यावर काही रुग्णांच्या शरीराने त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे बनवली आणि गुण कमी दिवस टिकू लागला. सोबत मेथोट्रेक्सेट दिल्यावर तो टिकला. पूर्ण मानवी अडालिमुमॅब २००२ च्या अखेरीस आले, ते त्वचेखाली घरीच टोचून घेण्याच्या सोयीसह. पण ही सारी सुधारणा लक्ष्य ठरल्यानंतरची आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. क्रोन्स या आतड्याच्या आजारात इन्फ्लिक्सिमॅब चालले, इटानरसेप्ट चालले नाही. दोन्ही टीएनएफच अडवतात. म्हणजे लक्ष्य कळले की सगळे कळले, असे म्हणता येत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तर टीएनएफ अडवल्यावर १९९९ च्या चाचणीत आजार बळावलेला दिसला. मला यातून माझे म्हणणे मोडलेले दिसत नाही; त्याची हद्द आखलेली दिसते. सांध्याने दिलेले उत्तर सांध्यापुरते होते. आतडे, त्वचा, मज्जातंतू यांना तोच प्रश्न नव्याने विचारावा लागला, आणि म्हणूनच सोरायसिसवर पुढे निराळे रेणू, इंटरल्युकिन-२३ आणि इंटरल्युकिन-१७, अडवणारी इंजेक्शने निघाली. टीएनएफ हे आमवाताचे मूळ नाही, हेही खरे. औषध थांबवले की बहुतेकांचा आजार परत येतो.

आपल्याकडे या इतिहासाला आणखी एक वळण आहे. २००१ मध्ये अमेरिकेतून इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांमधल्या ७० क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. बहुतेकांना क्षय पहिल्या तीन डोसांतच उफाळला होता आणि निम्म्याहून अधिकांत तो फुप्फुसाबाहेरचा होता. कारण सरळ होते. झोपलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींची जी गाठ शरीर बांधते, ती टिकवायला टीएनएफ लागतो. सांध्यात नासधूस करणारा रेणू फुप्फुसात पहारेकरी होता. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तिथे ही तळटीप राहू शकत नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसने अडालिमुमॅबची जैवसमान आवृत्ती अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात आणली. ती किंमतही अनेक घरांना पेलणारी नव्हती, पण औषध अधिक लोकांपर्यंत पोचू लागले तशी आधीच्या तपासणीची गरजही वाढली. छातीचा एक्स-रे, त्वचेवरची मांटू चाचणी, शक्य तिथे रक्ताची इग्रा चाचणी, आणि दडलेला क्षय आढळला तर इंजेक्शनाआधी प्रतिबंधक गोळ्या. यातही अडचण आहे : जे रुग्ण आधीच स्टिरॉइड घेत असतात, त्यांची मांटू चाचणी जंतू असूनही कोरी येऊ शकते. म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांना एका चाचणीवर विसंबता येत नाही, आणि इंजेक्शने सुरू झाल्यावरही ताप, खोकला, घटणारे वजन यांची चौकशी महिनोन्‌महिने करत राहावी लागते.