शाखेतला सर्व्हर: युनिक्स, नेटवेअर आणि एनटी

नाशिक म्हटलं की आपण द्राक्षं, सातपूर-अंबडचे कारखाने आणि सहकारी बँका यांची नावं घेतो. या साऱ्यांचा हिशेब आज सर्व्हरवर असतो. पण तो सर्व्हर कोणता असावा, यावरून नव्वदच्या दशकात मोठी चुरस होती. ती निव्वळ तंत्रज्ञांची भांडणं नव्हती. त्यात ठेवीदाराचा पैसा होता, कारकुनाची नोकरीही होती.

थोडं मागे जाऊ. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातलं कामकाज गुंडाळलं. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटनांनी यंत्रीकरणाचा करार केला आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. पुढे बँकांनी युनिक्सची वाट धरली. एका यंत्र-कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, हे त्यामागचं मोठं कारण.

युनिक्समध्ये सगळा हिशेब एकाच यंत्रावर चाले. काउंटरवर फक्त पडदा आणि कळफलक. टर्मिनल बंद पडलं तरी खातं सर्व्हरवरच असे. उलट नॉव्हेलच्या नेटवेअरवर सर्व्हर हे फायलींचं कपाट. प्रोग्राम चालायचा टेबलावरच्या पीसीवर. हे स्वस्त होतं, वेगवान होतं, आणि डीबेस-फॉक्सप्रो जाणणारी मुलं गावात मिळत. पण नोंद लिहिता लिहिता त्या पीसीची वीज गेली, की इंडेक्स बिघडायचा. मग संध्याकाळी रोकड जुळेना म्हणून सगळे थांबलेले! भारनियमनाच्या मुलखात हा फरक पुस्तकी नव्हता. युनिक्सला एक भक्कम यूपीएस प्रामुख्याने सर्व्हरपाशी लागे, इथे प्रत्येक टेबलाला.

१९९३ मध्ये विंडोज एनटी आलं. १९९६ च्या ४.० आवृत्तीने विंडोज ९५ चा ओळखीचा चेहरा घेतला. घरच्या पीसीसारखाच सर्व्हर दिसतो म्हटल्यावर संचालक मंडळाची भीती गेली. शिवाय डेटाबेस सर्व्हरवरच चालू लागला, म्हणजे नेटवेअरचं दुखणंही कमी झालं. त्याच सुमारास लिनक्सने युनिक्सची रीत साध्या पीसीवर, परवान्याच्या खर्चाशिवाय आणली.

मग जिंकलं कोण? आम्हाला वाटतं, प्रश्नच थोडा चुकतो. निवड करताना बँकेने तंत्रासोबत आणखी एक गोष्ट पाहिली: बंद पडल्यावर दुरुस्तीला माणूस किती वेळात येईल? ज्याचा माणूस गावात, त्याचा सर्व्हर शाखेत.

पुढे कोअर बँकिंग आलं. २०१३ अखेरपर्यंत ते बसवा, असं रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सांगितलं, आणि सर्व्हर शाखेतून उठून दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेला. युनिक्स की एनटी, हे आता शाखेला कळतही नाही. पण खातेवह्या त्याच आहेत. प्रत्येक बदलात त्या एका साच्यातून दुसऱ्यात ओतल्या गेल्या, आणि दर वेळी कुणीतरी रात्र जागून जुनी शिल्लक नव्या शिलकीशी पडताळली. यंत्रं बदलली, त्या पडताळणीवरच ठेवीदाराचा विश्वास टिकला.