कडू बदामाची चिल्लर

सतराव्या शतकात गुजरातच्या बाजारात पैशाहून लहान सुटे हवे असले, तर हातावर बदाम मोजून पडत. टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने हे लिहून ठेवलंय. बदाम इराणातल्या लारकडून यायचे, भाव पैशाला ३५ ते ४०. ते इतके जहर कडू, की पोरंटोरं चिल्लर खाऊन टाकतील ही धास्ती नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. न खाल्ला जाण्यातच त्या बदामाची किंमत होती.

बदाम मुळात असाच. रानबदामाची बी चावली, की तिच्यातलं अमिग्डालिन तिच्यातल्याच विकरांनी फुटतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. मूठभर कडू बदाम लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. मग माणसाने हे झाड लावलंच कसं? २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने त्याचा उलगडा केला. एका जनुकात बारीकसा बदल झाला आणि विष बनवणाऱ्या जनुकांना जागं करणारी कळच दबेनाशी झाली. हा गोडवा प्रभावी गुण. आई-बापांपैकी एकाकडून मिळाला तरी पुरतो. म्हणून कलम बांधणं ठाऊक नसतानाही, गोड झाडाची बी पेरून बरीच रोपं गोड निघत गेली. पश्चिम आशियातल्या त्या शेतकऱ्याने करायचं ते एवढंच, जो थुंकावा लागला नाही तो बदाम पेरायचा.

नावही इराणी वाटेनेच आलं. फारसीत बादाम, त्याआधीच्या मध्य फारसीत हा शब्द ‘व’ने सुरू होई. चरकसंहितेतला ‘वाताम’ त्या जुन्या रूपाशी जुळतो. पुढे आपल्या वैद्यांनी या पाहुण्याला संस्कृत गोत्रही मिळवून दिलं. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तो ‘वाताद’ आहे, ‘वातवैरी’ आहे. तिथलं तिसरं नाव मला सर्वांत आवडतं, ‘नेत्रोपमफल’, डोळ्यासारखं फळ. विलायती पत्त्यांवरचं लाल काळीज पाहून मराठी माणसाला मात्र बदाम आठवला. बदाम सत्ती पडल्याशिवाय डाव सुरू होत नाही.

कोकणात नि मुंबईत अंगणात उभं असतं ते ‘बदामाचं झाड’ भलत्याच घरचं, हिरडा, बेहडा, अर्जुनाच्या गणगोतातलं. खरा बदाम पीच-जर्दाळूचा भाऊबंद. आपण खातो ती त्याची कोय फोडून काढलेली बी.

चरकाने त्याला जड, उष्ण, स्निग्ध, बळ देणारा म्हटलंय. आजचा हिशोब फार निराळा नाही. २८ ग्रॅम, म्हणजे साधारण २३ दाण्यांत ६ ग्रॅम प्रथिनं, १४ ग्रॅम बहुतांशी असंपृक्त चरबी, साडेतीन ग्रॅम तंतू आणि दिवसाच्या गरजेच्या जवळपास निम्मं ई जीवनसत्त्व. उष्मांक मात्र १७०च्या आसपास धरले जात. २०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी माणसांना बदाम खायला घालून मोजले, तर अंगी लागले १२९. न फुटलेल्या पेशींतली चरबी तशीच बाहेर पडते. परीक्षेच्या सकाळी आई पाच बदाम हातावर ठेवते, त्याने बुद्धी वाढल्याचा पुरावा कच्चाच; पण पोटाला आधार होतो हे खरं.

कोल्हापूरच्या तालमीत पेशी न फुटण्याचा प्रश्नच नाही. रात्रभर भिजलेला बदाम चिमटीत दाबला, की सालातून टुणकन सुटतो. मग कुंडीत खसखस, बडीशेपेबरोबर तो दांड्याने घोटत बसायचं, पांढरं दूध सुटेपर्यंत. (सालीबरोबर तंतू नि पॉलिफेनॉलही जातात, पण थंडाईच्या वेळी पैलवानाला हे सांगायला जाऊ नये.) घोटणाऱ्याने मधेच एखादा तोंडात टाकला आणि नेमका कडू निघाला, तर तो अजूनही थुंकतो.